दुसऱ्याच्या पिल्लाला घास का भरवायचा?

सेमिनरी हिल्सच्या वाटांवर, अंबाझरीच्या बागेत, महाराजबागेतल्या झाडांखाली पाचोळा उलथत कलकलाट करणारे मातकट सातभाई नागपूरकरांच्या चांगल्या ओळखीचे आहेत. त्यांच्या घरट्यात पिल्लं असताना थोडा वेळ लांबून लक्ष ठेवा. चोचीत किडा घेऊन येणारे पक्षी फक्त दोन नसतात. तीन, चार, कधी त्याहून जास्त पक्षी आळीपाळीने त्याच पिल्लांना भरवून जातात. त्यांतले आईबाप दोघंच. बाकीचे स्वतःचं घरटं न बांधता दुसऱ्याच्या पिल्लांसाठी किडे वेचत हिंडत असतात. एखादा उंच फांदीवर पहाऱ्याला बसतो आणि शिक्रा दिसला की ओरडून सगळ्यांना सावध करतो. त्या क्षणी सगळ्यांत उघड्यावर तोच असतो.

हे असं का, या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या तोंडात बसलेलं आहे: ‘आपली जात टिकावी म्हणून.’ हे उत्तर चुकीचं आहे. का चुकीचं आहे ते एकदा नीट कळलं, की सातभाईंपासून वाळवीपर्यंत आणि बांबूच्या फुलोऱ्यापासून म्हातारपणापर्यंत बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

समजा एका थव्यात दोन स्वभावांचे पक्षी आहेत. काही राबणारे, काही कामचुकार, आणि हा स्वभाव थोडाफार वारशाने येतो. राबणाऱ्यांच्या मेहनतीचा फायदा सगळ्यांना मिळतो, खर्च मात्र त्यांच्या एकट्याच्या अंगावर पडतो. कामचुकार पक्षी वाचलेली ताकद स्वतःच्या पिल्लांवर लावतो. पुढच्या पिढीत कामचुकार वाढतात, त्याच्या पुढच्या पिढीत आणखी वाढतात. यात जातीचं नुकसान होतं हे खरं, पण ते थांबवणारं कोणी नसतं. नैसर्गिक निवडीला पुढचं दिसत नाही. जीवाजीवांत फरक असले, ते फरक वारशाने पुढे गेले आणि त्यांच्यामुळे कोणाची संतती जास्त व कोणाची कमी जगली, तर ती आपोआप घडते. मग राबणारे सातभाई आजवर टिकले कसे?

नात्याचा हिशेब

याचं उत्तर विल्यम हॅमिल्टन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १९६४ साली गणितात मांडलं. त्याआधी १९५५ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी बुडणाऱ्या मुलाला वाचवण्याचं उदाहरण घेऊन या कल्पनेला हात घातला होता. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. कल्पना अशी: एखादं जनुक पुढच्या पिढीत जायला दोन वाटा आहेत. एक स्वतःच्या पिल्लांतून. दुसरी नातेवाइकांच्या पिल्लांतून, कारण त्याच जनुकाची प्रत नातेवाइकातही असण्याची शक्यता असते. त्यामुळे मदत करण्याचा स्वभाव कधी पसरतो याची अट साधी आहे:

नातं × समोरच्याचा फायदा > स्वतःचा खर्च

इथे नातं म्हणजे एक अपूर्णांक. आई आणि मूल यांच्यात तो १/२, सख्ख्या भावंडांत १/२, सावत्र भावंडांत १/४, सख्ख्या चुलत-मावस भावंडांत १/८. फायदा आणि खर्च दोन्ही मोजायचे ते जगलेल्या संततीच्या आकड्यात.

हा हिशेब करताना तीन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिला: ‘माणसाची आणि चिंपांझीची बहुतेक जनुकं सारखीच आहेत, मग भावाशी नातं फक्त अर्धं कसं?’ नात्याचा अपूर्णांक एकूण साम्य सांगत नाही. आजूबाजूच्या सरासरी सदस्याच्या तुलनेत या दोघांत एकाच पूर्वजाकडून आलेली प्रत असण्याची शक्यता किती जास्त आहे, ते तो सांगतो. दुसरा: फायद्यात सगळी पिल्लं मोजली जातात. मोजायची असतात ती फक्त मदतीमुळे जी जास्त जगली तेवढीच. मदत नसतानाही जी जगलीच असती ती हिशेबाबाहेर. तिसरा घोटाळा जाणकारांचाही होतो. भावंडं वाढवणं आणि स्वतःची पिल्लं वाढवणं यांची तुलना करताना स्वतःचं पिल्लूही अर्ध्याच नात्याचं असतं, हे विसरलं जातं.

सातभाईंवर हे लावून बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. तरुण पक्ष्याला स्वतःची हद्द मिळण्याची शक्यता चारात एक, आणि मिळालीच तर दोन पिल्लं जगतील. म्हणजे बाहेर पडल्यास सरासरी अर्धं पिल्लू, गुणिले १/२, बरोबर ०.२५. घरी थांबून त्याने आईबापाचं एक जास्तीचं पिल्लू जगवलं तर एक गुणिले १/२, बरोबर ०.५. थांबणं दुप्पट फायद्याचं. आता बाप मेला आणि नवा नर आला असं धरा. पुढची पिल्लं सावत्र, म्हणजे १ × १/४ = ०.२५. सामना बरोबरीत. आणि आजूबाजूची झाडी मोकळी असेल, हद्द मिळण्याची शक्यता वाढून चारात दोन झाली असेल, तर सावत्र भावंडांसाठी थांबण्यात तोटा आणि बाहेर पडण्यात फायदा. म्हणूनच जिथे जागा अपुरी असते तिथे तरुण पक्षी मदतनीस म्हणून घरी थांबण्याची शक्यता जास्त.

सातभाई अर्थातच गुणाकार करत नाहीत. ‘ज्या घरट्यात वाढलास त्याच घरट्यातली उघडी चोच भर’ एवढी साधी सवय पुरते. त्या सवयीने हजारो पिढ्या सरासरीने फायदा झाला की ती टिकते. शिवाय सगळंच नात्यावर चालतं असंही नाही. थव्यात राहिल्याने स्वतःचा जीव सुरक्षित राहतो, आणि पुढे-मागे तीच हद्द वारशाने मिळू शकते. हे सरळ स्वतःचे फायदे झाले. कोणत्याही एका जातीत नात्याचा वाटा किती आणि स्वार्थाचा किती, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

सवय साधी असते म्हणून तिला फसवताही येतं. जूनमध्ये पावसाच्या वाऱ्यांबरोबर विदर्भात येणारा चातक आणि ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा हे दोघंही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात. सातभाईंची अंडी गर्द निळी-हिरवी, आणि या दोघांचीही त्याच रंगाची. जुलै-ऑगस्टमध्ये बागेत आपल्याहून मोठ्या, वेगळ्याच दिसणाऱ्या पिल्लाला अख्खा थवा भरवताना दिसला, तर ते बहुधा पावशाचं किंवा चातकाचं पिल्लू असतं. त्याच्याशी नातं शून्य. मग सातभाई परकं अंडं फेकून का देत नाहीत? कारण ओळखण्यातली चूक महाग पडते. वीस घरट्यांपैकी एकातच परकं अंडं असेल आणि ‘वेगळं वाटलं की फेक’ या सवयीने दर दहा घरट्यांत एकदा स्वतःचंच अंडं जात असेल, तर बाकीच्या एकोणीस घरट्यांत मिळून जवळजवळ दोन स्वतःची अंडी जातात. त्या बदल्यात एक घरटं वाचतं, तेही अंडं ओळखू आलं तर. परकं अंडं जितकं हुबेहूब, तितकी ही सवय तोट्याची.

बाल्कनीतलं पोळं

सातभाईंच्या मदतनिसाला पुढे कधीतरी स्वतःचं घरटं करता येतं. मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या यांच्या कामकऱ्यांपैकी बहुतेकांना ते कधीच जमत नाही. इथे पूर्वी एक फार देखणं स्पष्टीकरण दिलं जायचं. या गटात नर निषेचन न झालेल्या, म्हणजे नराचं बीज न मिळालेल्या अंड्यातून जन्मतो, म्हणजे त्याच्याकडे जनुकांचा एकच संच. त्यामुळे एका बापाच्या सगळ्या मुलींना बापाकडून तंतोतंत तेच मिळतं, आणि सख्ख्या बहिणींचं नातं होतं ३/४. स्वतःच्या मुलीशी १/२. मग मुली वाढवण्यापेक्षा बहिणी वाढवणं फायद्याचं, संपला प्रश्न.

पण प्रश्न इथे संपत नाही. बहिणीशी नातं ३/४ असलं तरी भावाशी १/४च. दोन्ही सारख्या प्रमाणात वाढवले तर सरासरी पुन्हा १/२. राणीने दोन नरांशी संग केला आणि दोघांची संतती निम्मी-निम्मी असली, तर बहिणींचं सरासरी नातंही १/२ वर येतं. आणि वाळवीत तर नर-मादी दोघंही आपल्यासारखेच, दोन्ही संचांचे. तरी त्यांच्या वारुळात लाखो कामकरी. म्हणजे ३/४ चा आकडा सगळं कोडं सोडवत नाही, आणि शाळा-कॉलेजांत अजूनही तो एकमेव कारण म्हणून शिकवला जातो ही खटकणारी गोष्ट आहे.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर अनेक दशकं काम केलं आहे. द्वीपकल्पीय भारतात ही सर्रास आढळते: तांबूस-तपकिरी अंग, पोटावर पिवळा पट्टा, आणि चघळलेल्या वनस्पतीच्या धाग्यांपासून केलेलं करडं कागदी पोळं. पोळ्याला बाहेरून वेष्टण नसतं, त्यामुळे आतला सगळा कारभार उघड दिसतो. खोलीच्या तळाशी चिकटलेला पांढरा ठिपका म्हणजे अंडं. तोंड बाहेर दिसणारी जाड अळी. पांढऱ्या टोपणाने बंद झालेली खोली म्हणजे कोष. माशी डोकं खोलीत घालत असेल तर ती अळीला भरवते आहे किंवा खोली तपासते आहे. पोट वळवून मागचा भाग खोलीत घालून स्थिर बसली असेल तर अंडं घालते आहे. अंडं घालताना दिसली तीच राणी. दिसण्यावरून ती ओळखता येत नाही, आणि आश्चर्य म्हणजे दादागिरीवरूनही नाही. या जातीची राणी शांत असते. ती काढून घेतली की काही मिनिटांत कामकऱ्यांपैकी एक एकदम आक्रमक होते, पुढच्या काही दिवसांत निवळत जाते आणि साधारण आठवड्याभरात अंडी घालू लागते.

घराच्या छज्जाखाली असं पोळं असेल तर ते बघायला दीड-दोन मीटर अंतरावर बसा आणि सकाळची वेळ धरा. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी माश्या पाणी आणून पंखांनी वारा घालण्यातच गुंतलेल्या असतात. पोळ्यावर श्वास सोडू नका, फांदी-काठी लावू नका. या माशीच्या नांगीला मधमाशीसारखे अडकणारे काटे नसतात, म्हणून ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. डंखाची ॲलर्जी असणाऱ्यांनी हा नाद करूच नये. दर पाच मिनिटांनी पोळ्यावर किती माश्या आहेत, किती बाहेरून काय घेऊन आल्या, एवढंच लिहा. खूण नसताना ‘हीच माशी तीनदा आली’ असं मात्र लिहू नका. सगळ्या सारख्या दिसतात आणि नोंदी तिथेच फसतात. प्रयोगशाळेत प्रत्येक माशीच्या पाठीवर रंगाचे वेगवेगळे ठिपके देतात, ते याचसाठी.

या माशीच्या राण्या एक ते तीन नरांशी संग करतात, त्यामुळे बहिणींचं नातं ३/४ च्या बरंच खाली येतं. तरी कामकरी टिकून आहेत. गदगकरांनी याला दिलेलं एक उत्तर आम्हाला सगळ्यांत पटतं. अंड्यापासून माशी बाहेर पडायला साधारण दोन महिने लागतात. कामकरी माशीचं प्रौढ आयुष्य मात्र सरासरी महिनाभराच्या आसपास. एकटीने पोळं सुरू केलं आणि ती तिसाव्या दिवशी मेली, तर एकही अळी पूर्ण वाढत नाही. सगळं केलेलं वाया. भरल्या पोळ्यात तिने तेवढंच काम केलं तर अर्धवट वाढलेल्या अळ्या दुसरी कोणीतरी पूर्ण करते. आयुष्य लहान आणि बालपण लांब असेल, तर एकत्र राहणं हाच मेहनतीचा विमा. इथे नात्याचा आकडा तोच राहून फायद्याचा आकडा बदलतो, आणि तेवढ्याने अट पूर्ण होते.

रामटेकची वानरं

हाच हिशेब कधी अंगावर काटा आणतो. रामटेकच्या गडावर दिसणाऱ्या वानरांच्या कळपात बहुधा एक प्रौढ नर आणि अनेक माद्या असतात. बाहेरच्या नराने जुन्या नराला हुसकावलं की तो कधी कधी कळपातली तान्ही पिल्लं मारतो. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी हे १९६२ मध्ये धारवाडजवळ नोंदवलं; १९७० च्या दशकात सारा हर्डी यांनी माउंट अबूच्या वानरांवर काम करून त्यामागचं कारण मांडलं. दूध पाजणारी मादी माजावर येत नाही. तिचं पिल्लू गेलं की ती लवकर येते, आणि गर्भ सुमारे २०० दिवसांचा. नराच्या हातात कळप दोनेक वर्षंच राहणार असेल, तर वाट बघण्यात त्याची निम्मी कारकीर्द जाते. ‘जातीच्या भल्यासाठी’ हे स्पष्टीकरण इथे पूर्ण कोसळतं, कारण निरोगी पिल्लं मारण्यात जातीचं भलं कसलंच नाही.

यावर बरीच वर्षं वाद झाला. गर्दीमुळे आलेली ही विकृती आहे, असं काहींचं म्हणणं होतं. १९९९ मध्ये नेपाळच्या रामनगरमधल्या वानरांच्या डीएनए तपासणीतून दिसलं की हल्ला करणारे नर मारलेल्या पिल्लांचे बाप नव्हते. पेंचच्या वाघांतही नवा नर आला की बछड्यांवर हेच संकट येतं. एक सावधगिरी मात्र हवी: गडाच्या पायऱ्यांवर फुटाणे-केळी मिळवणाऱ्या वानरांचं वागणं बघून निष्कर्ष काढू नयेत. आयतं अन्न मिळालं की कळप एका जागी गोळा होतात, भांडणं वाढतात, आणि आपण मोजतो तो परिणाम आपल्याच दाण्यांचा असतो.

उंबर फोडून बघा

मुलगे किती आणि मुली किती, हेही निवडच ठरवते. रोनाल्ड फिशर यांचं १९३० चं म्हणणं असं: नर कमी असतील तर सरासरी प्रत्येक नराला संतती जास्त मिळते, म्हणून मुलगे जन्माला घालणं फायद्याचं ठरतं आणि प्रमाण पुन्हा निम्म्या-निम्म्यावर येतं. एक नर अनेक माद्यांना पुरत असला तरी हे खरं आहे. पण यात एक गृहीत आहे: नरांची स्पर्धा सगळ्या वस्तीभर चालते. ती स्पर्धा एका फळाच्या आतच होत असेल तर?

उंबराच्या फळात नेमकं हेच घडतं. उंबरात वाढणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाशीची जेमतेम दोन मिलिमीटरची काळपट मादी फळाच्या तोंडातून आत शिरते. वाट इतकी चिंचोळी की पंख तिथेच तुटतात. आत फुलांवर पराग टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिचे मुलगे बिनपंखी, पिवळट तपकिरी. ते आधी बाहेर पडतात, फुलांच्या गाठीत अजून बंद असलेल्या माद्यांशी संग करतात, फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि बहुतेक आतच संपतात. माद्या पराग घेऊन त्या भोकातून उडून जातात. आत एकच आई शिरली असेल तर तिच्या मुलांची स्पर्धा एकमेकांशीच. सगळ्या मुलींना पुरतील इतके मोजके मुलगे बस्स. बाकी सगळ्या मुलीच घालण्यात तिचा फायदा. निषेचन केलेलं अंडं मुलगी, न केलेलं मुलगा, त्यामुळे प्रमाण तिच्या हातात असतं. हॅमिल्टनने १९६७ मध्ये याचं सूत्र दिलं: आत शिरलेल्या आयांच्या संख्येतून एक वजा करा आणि संख्येच्या दुपटीने भागा. दोन आया असतील तर मुलगे १/४, पाच असतील तर २/५, दहा असतील तर ९/२०, म्हणजे जवळजवळ निम्मे. उंबरात बऱ्याचदा अनेक माद्या शिरतात, म्हणून एकाच आईच्या हिशेबाइतकं टोकाचं प्रमाण इथे मिळेलच असं नाही.

हे घरी बघता येतं. पूर्ण वाढलेलं, नुकतं नरम पडू लागलेलं, पण लाल न झालेलं आणि भोक नसलेलं फळ घ्या. लाल आणि भोक पडलेलं असेल तर माद्या उडून गेलेल्या असतात. ब्लेडने उभं चिरा, दोन्ही अर्धुकं काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला मलमलीचा दुहेरी तुकडा बांधा. साध्या जाळीतून या माश्या सहज निसटतात. प्लॅस्टिकचं झाकण लावलं तर आत घाम सुटतो आणि पंख काचेला चिकटून सगळं वाया जातं. दुसऱ्या दिवशी मोजताना दोन चुका टाळा. बाहेर आलेल्याच मोजल्या तर नर फारच कमी दिसतात, कारण नर फळातच मरून पडलेले असतात. अर्धुकं उकरून तेही मोजावे लागतात. आणि ज्यांच्या पोटाला शेपटीसारखी लांब सुई असते त्या वेगळ्या जातींच्या माश्या. त्या फळात न शिरता बाहेरूनच अंडी घालतात, त्यांना या मोजणीतून वगळायचं.

एकदाच फुलून मरायचं की दरवर्षी फुलायचं?

आतापर्यंत इतरांशी वागण्याबद्दल बोललो. आयुष्याचा आराखडा, म्हणजे किती वाढायचं, कधी विणायचं, किती पिल्लं, किती वेळा, तोही त्याच निवडीतून घडतो. इथे मूळ अडचण एकच: ताकद मर्यादित असते, एका कामाला लावली की दुसऱ्याला कमी पडते.

पहिल्या पावसात नागपूरच्या रिकाम्या प्लॉटवर आणि वावराच्या बांधांवर तरोटा उगवतो, दिवाळीच्या सुमारास शेंगा धरतो आणि वाळतो. शेजारचा पळस दरवर्षी फुलतो आणि वर्षानुवर्षं जगतो. दोघांपैकी हुशार कोण? एका वर्षात मरणाऱ्या झाडाने जगणाऱ्याची बरोबरी करायला किती जास्त बिया द्याव्या लागतात, ते काढता येतं: मोठ्या झाडाची वर्ष काढण्याची शक्यता भागिले बीचं रोप होऊन वर्ष काढण्याची शक्यता. मोठं झाड टिकण्याची शक्यता ०.८ आणि बीची ०.०१ असेल तर ८० बिया जास्त. दोन्ही ०.४ असतील तर फक्त एक बी जास्त. ज्या उघड्या, दरवर्षी खणल्या-तुडवल्या जाणाऱ्या जमिनीवर मोठं झुडूप उन्हाळा काढू शकत नाही पण पावसात बी सहज रुजते, तिथे तरोट्यासारखं आयुष्य जिंकतं. जिथे रोपं मरतात आणि झाड टिकतं तिथे पळसासारखं.

आपल्या जंगलातला मानवेल बांबू या दोन्हींत बसत नाही. तो पंचवीस ते पंचेचाळीस वर्षं नुसता वाढतो, मग एका मोठ्या टापूतली बेटं एकदम फुलतात, बी देतात आणि वाळतात. मिझोराममधल्या मौताक बांबूचं चक्र ४८ वर्षांचं. तो १९५८-५९ मध्ये आणि पुन्हा २००६-०७ च्या सुमारास फुलला, उंदरांचा उच्छाद झाला, आणि १९५९ च्या दुष्काळाने तिथलं राजकारणही बदललं. या उंदरांतच कारण आहे. एखादं बेट एकटंच वेगळ्या वर्षी फुललं तर त्याचं सगळं बी उंदीर, डुकरं, पाखरं फस्त करतात. सगळ्यांबरोबर फुललं तर खाणाऱ्यांची पोटं भरूनही बी उरतं. चुकीच्या वर्षी फुलणाऱ्याचा वंश खुंटतो, आणि बेटांचं घड्याळ पिढ्यान्पिढ्या जुळत जातं.

असा आराखडा निवडीने खरोखर बदलतो, याचा सगळ्यांत स्वच्छ पुरावा त्रिनिदादच्या गप्पी माशांचा आहे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आपल्याकडे विहिरी-टाक्यांत सोडतात तेच गप्पी. तिथे काही प्रवाहांत मोठे गप्पी खाणारे शिकारी मासे आहेत, काहींत फक्त लहान गप्पी खाणारे. मोठं होऊन मरायचंच असेल तर लवकर विणावं. लहानपणीच धोका असेल तर पटकन मोठं व्हावं आणि सावकाश विणावं. १९७६ मध्ये जॉन एंडलर यांनी शिकारी असलेल्या भागातले सुमारे २०० गप्पी वरच्या, मोठे शिकारी नसलेल्या ओढ्यात सोडले. डेव्हिड रेझनिक आणि सहकाऱ्यांनी अकरा वर्षांनंतर, म्हणजे ३० ते ६० पिढ्यांनंतर तपासलं तेव्हा त्यांचे वंशज उशिरा वयात येत होते, आकाराने मोठे होत होते, आणि कमी पण मोठी पिल्लं देत होते. प्रयोगशाळेत सारखं अन्न, सारखं पाणी देऊन पिढ्या वाढवल्या तरी फरक कायम राहिला. म्हणजे तो पाण्याचा किंवा खाण्याचा परिणाम नव्हता.

म्हातारपणाचंही यावरच बेतलेलं स्पष्टीकरण आहे. पीटर मेडावर यांनी १९५२ मध्ये आणि जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ मध्ये ते मांडलं. जंगलात बहुतेक जीव म्हातारे व्हायच्या आधीच शिकार होतात, उपाशी मरतात किंवा रोगाने जातात. त्यामुळे उतारवयात त्रास देणारं जनुक निवडीच्या कचाट्यात फारसं येत नाही. तेच जनुक तरुणपणी थोडा फायदा देत असेल तर उलट पसरतं. यातून एक भाकीत निघतं: ज्यांना बाहेरून मरण कमी त्यांचं शरीरही सावकाश झिजावं. घरातला उंदीर प्रयोगशाळेत सांभाळला तरी दोन-तीन वर्षं काढतो. ब्रँडचं वटवाघूळ फक्त सातेक ग्रॅमचं, पण उडून शत्रूंपासून सुटतं आणि गुहेत झोपतं. सायबेरियात असं एक किमान ४१ वर्षं जगल्याची नोंद आहे.

एकत्र राहणाऱ्या कीटकांत हे भाकीत आणखी कठोरपणे तपासता येतं, कारण तिथे एकाच प्रकारच्या अंड्यातून राणीही होते आणि कामकरीही. बहुतेक जातींत फरक पडतो तो मुख्यतः अळीला मिळालेल्या अन्नाने. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची कामकरी अन्न शोधायला बाहेर पडते आणि एक-दोन वर्षांत मरते. तिची राणी जमिनीखाली, हजारो मुलींच्या पहाऱ्यात अंडी घालत राहते. पाळलेल्या वसाहतीत अशी एक राणी २८ वर्षांहून जास्त जगली.